जिवंत चुना

नोकरीच्या निमित्ताने जबलपुरास आलेल्या मराठी माणसास गोहलपुरासारख्या जुन्या वस्तीत बिऱ्हाड मिळाले, तर चुन्याच्या भिंतीशी त्याची गाठ पडण्याचा संभव असतो. आमच्या परसाकडील भिंतीत केसाएवढी एक भेग होती. दोन पावसाळे उलटल्यावर पाहतो, तो तिच्या जागी पांढरी, कठीण रेघ! गवंड्यास नवल वाटले नाही. तो म्हणाला, “साहब, चूना तो ज़िंदा चीज़ है.”

रसायनशास्त्र त्याच्या बोलण्यास बऱ्याच अंशी दुजोरा देते. चुनखडक भट्टीत भाजला असता त्यातील कार्बन डायॉक्साइड निघून जातो. विझवलेला चुना भिंतीत गेला, की तोच वायू हवेतून सावकाश परत घेऊन पुन्हा दगड होऊ लागतो. भिंतीच्या पोटात हा व्यवहार वर्षानुवर्षे अपुरा राहतो, आणि त्या अपुरेपणातच तिचे आरोग्य आहे. भेगेतून पाणी झिरपले, की शिल्लक चुना त्यात विरघळतो व भेगेतच खडा होऊन बसतो. रोमन काँक्रीटमधील पांढऱ्या गुठळ्यांस विद्वान पुष्कळ काळ कालवणीतील हयगय मानीत आले. १९२३ मध्ये नव्हे, अगदी २०२३ मध्ये अमेरिकेतील अॅड्मिर मासिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गुठळ्या म्हणजे चुन्याची राखीव शिल्लक असल्याचे दाखविले. त्यांनी मुद्दाम फोडलेला तसा नमुना दोन आठवड्यांत सांधला गेला.

इलिनॉय विद्यापीठातील स्कॉट व्हाइट प्रभृतींनी २००१ मध्ये शरीराकडून धडा घेतला. राळेत द्रवाच्या सूक्ष्म कुप्या पेरल्या. भेग गेली, की कुपी फुटे, द्रव घट्ट होई, आणि सुमारे ७५ टक्के चिवटपणा परत येई. पण फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही. म्हणून २००७ मध्ये तेथेच त्वचेखालील रक्तवाहिन्यांसारखे बारीक नळ्यांचे जाळे योजण्यात आले, व तीच जखम अनेकदा भरून निघाली.

चुन्याचे सामर्थ्य मात्र केसाएवढ्या भेगेपुरतेच. २२ मे १९९७ च्या भूकंपाने जबलपुरात फाटलेल्या भिंती त्याला सांधता येण्याजोग्या नव्हत्या. कटनीच्या ज्या चुनखडकाने भट्ट्या पोसल्या, त्याच प्रदेशात सिमेंटचे कारखाने उभे राहिले, आणि दुरुस्ती म्हणजे सिमेंट हे समीकरण रूढ झाले. सिमेंटचा कठीण थर चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही. आमच्या घरमालकांनीही गेल्या वर्षी मोठ्या आस्थेने परसाकडची भिंत सिमेंटने लिंपून घेतली. या पावसाळ्यात गिलावा फुगला, आणि ती पांढरी रेघ आता कोठे होती हेही सांगता येत नाही.