३१ मे : एक दिनांक, दोन स्मरणे

जागतिक तंबाखूविरोधी दिन प्रथम ७ एप्रिल १९८८ रोजी, जागतिक आरोग्य संघटनेच्या चाळिसाव्या वर्धापनदिनी पाळण्यात आला. पुढे ठरावान्वये तो ३१ मे या दिनांकावर स्थिरावला. अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र या दिनांकास निराळेच वजन आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. २०२३ च्या जयंतीस तेथेच जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली व २०२४ मध्ये ते अमलात आले. ठरावाने नेमलेला दिवस ठरावानेच हलविता येतो, जन्मदिनाचे तसे नाही. इंदूरला मात्र हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथील अहिल्योत्सव पुण्यतिथीस, पंचांगातील तिथीनुसार होतो.