वाशिमच्या गावातले जागतिक बँकेचे कर्ज : घेतो कोण, फेडतो कोण?

वाशिम जिल्ह्यात शेततळे किंवा ठिबक संचाच्या फलकावर ‘पोकरा’ हे नाव आपण वाचतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे हे प्रचलित नाव. शेतकऱ्याला मिळते ते अनुदान असते. पण त्यामागचा मोठा पैसा हे राज्यावरचे परकीय कर्ज आहे. हा फरक आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असला पाहिजे.

कर्ज किती?

एप्रिल २०१८ मध्ये जागतिक बँकेशी ४२ कोटी डॉलरचा करार झाला. प्रकल्पाचा खर्च सुमारे ६० कोटी डॉलर; उरलेला वाटा राज्याचा. विदर्भ-मराठवाड्यातील दुष्काळी भागासह सुमारे पाच हजार गावे त्यात आली. कर्जाची मुदत २४ वर्षांची असून पहिली ६ वर्षे मुद्दलाचा हप्ता नाही. म्हणजे २०१८ साली जन्मलेले मूल चोवीस वर्षांचे होईल, तोवर फेड चालू राहील.

बोजा कोणावर?

राज्यघटनेच्या कलम २९३ नुसार राज्याला देशाबाहेरून कर्ज काढता येत नाही. करार केंद्र सरकार करते आणि रक्कम राज्याला देते. पूर्वी अशा रकमेतील ३० टक्के राज्याला अनुदान म्हणून मिळत. बाराव्या वित्त आयोगानंतर, २००५ पासून, महाराष्ट्रासारख्या राज्यांना हे कर्ज मूळ अटींवरच मिळते. त्यामुळे रुपया घसरला तर वाढीव भार राज्याचा.

२०१८ च्या एप्रिलमध्ये डॉलर सुमारे ६५ रुपयांना होता, २०२४ अखेर ८५ च्या वर गेला. ६५ च्या दराने ४२ कोटी डॉलर म्हणजे २,७३० कोटी रुपये. ८५ च्या दराने ३,५७० कोटी. रक्कम टप्प्याटप्प्याने येते, त्यामुळे प्रत्यक्ष फरक वेगळा असेल. पण प्रत्येक हप्ता त्या दिवशीच्या दरानेच फेडावा लागतो.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिले. या कर्जात ते दोन्ही प्रश्न एकत्र येतात.

श्रीलंकेचा धडा

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची फेड थांबवली. बोजा सुमारे ५१ अब्ज डॉलरचा होता आणि त्यात बाजारातून चढ्या व्याजाने उचललेल्या रोख्यांचा मोठा वाटा होता. करकपात आणि कोरोनात बुडालेले पर्यटन यांमुळे डॉलर आटले. सामान्य माणूस इंधन आणि औषधांसाठी रांगेत उभा राहिला. जागतिक बँकेचे दीर्घ मुदतीचे कर्ज तसे नाही. तरीही कर्जाच्या पैशातून उत्पन्न वाढले नाही, तर फेडीचा भार गरिबावर येतो, हे तिथेही दिसले.

आपला वाटा

पोकरात २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ७५ टक्के, तर ५ हेक्टरपर्यंत ६५ टक्के अनुदान ठरले. मात्र खर्च आधी स्वतः करायचा, पैसे नंतर खात्यात येतात. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा हाताशी रोकड नाही, तो इथेच मागे राहतो. भूमिहीनांसाठी शेळीपालन, परसातील कोंबडीपालन असे मोजके घटक होते. फेड मात्र राज्याच्या तिजोरीतून होते, आणि साबण-चप्पल घेताना जीएसटी भरणारी भूमिहीन मजूर बाईही त्या तिजोरीत भर घालते.

दुसरा टप्पाही जागतिक बँकेच्या कर्जावरच उभा आहे. म्हणून रिसोड, मानोरा, मंगरूळपीर, मालेगाव, कारंजा, वाशिम या सहाही तालुक्यांतील तरुणांनी गावाचा प्रकल्प आराखडा मागून वाचावा. ग्राम कृषी संजीवनी समितीचे अध्यक्ष सरपंच असतात. प्रश्न त्यांना ग्रामसभेतच विचारावेत. भूमिहीनांचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, पैसे किती जणांच्या खात्यात पडले? उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. कर्ज फेडणाऱ्यांत आपण आहोत, तेव्हा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.