जेआरडींच्या शेजारचं विमान नेमकं कोणतं? जुनी विमानं फोटोवरून कशी ओळखतात?

समजा, व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. एका छोट्या विमानाजवळ जेआरडी टाटा उभे आहेत आणि खाली लिहिलंय, '१९३२ : कराची-मुंबई पहिल्या उड्डाणाच्या वेळी जेआरडी'. विमान जुनं आहे, एका इंजिनाचं आहे. जेआरडींनी ते उड्डाण स्वतः केलं होतं, हेही खरं. मग चूक कुठे आहे?

फोटोतल्या जेआरडींचे केस पांढरे असतील, तर शंका लगेच येईल. पण फोटोतून माणूस कापून टाकला, तरी जुन्या विमानांचे जाणकार हा फोटो १९३२चा नाही, हे सांगू शकतात. कारण त्यात 'लेपर्ड मॉथ' दिसत असेल, तर ते विमान १९३२ साली अस्तित्वातच नव्हतं.

हे त्यांना कसं कळतं? समजून घेऊ या.

'पस मॉथ' आणि 'लेपर्ड मॉथ' यांत फरक काय?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले. पुढे एअर इंडिया झालेल्या टाटांच्या विमानसेवेची ही सुरुवात. त्या दिवशीचं विमान ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचं 'पस मॉथ' होतं. या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जेआरडींनी हाच प्रवास पुन्हा केला. त्या वेळी त्यांनी वापरलं 'लेपर्ड मॉथ'.

दोन्ही विमानं एकाच कंपनीची. दोन्हींना एकच इंजिन, बंद केबिन आणि केबिनच्या वर बसवलेली पंखांची एकच जोडी. लांबून ती सख्खी भावंडं वाटतात. पण 'पस मॉथ'चे पंख बऱ्यापैकी सरळ आणि सारख्या रुंदीचे आहेत, तर 'लेपर्ड मॉथ'चे टोकाकडे निमुळते होत जातात.

दुसरी खूण चाकांजवळ सापडते. 'पस मॉथ'च्या चाकांपासून निघालेला जाड दांडा थेट वर, पंखाच्या मुळाशी जातो. 'लेपर्ड मॉथ'मध्ये तो पुढे, इंजिनाच्या मागच्या भागाला जोडलेला असतो. फोटोत फक्त विमानाचं नाक आणि चाकं आली असतील, तरी एवढ्यावरून उत्तर मिळू शकतं.

'लेपर्ड मॉथ'चं पहिलं उड्डाण मे १९३३ मधलं. त्यामुळे विमान ओळखलं की फोटोची तारीख आपोआप त्याच्या पुढे सरकते.

ओळखायला सुरुवात कुठून करतात?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना एक क्रम शिकवला जायचा : पंख, इंजिन, धड, शेपूट. आजही हौशी लोक साधारण याच क्रमाने जातात. नाव आठवण्यापेक्षा काय असू शकत नाही, हे आधी ठरवायचं.

पंखांची एक जोडी आहे की एकावर एक दोन? पंख धडाच्या वर आहेत की खाली? इंजिनं किती? चाकं आत घेता येतात का? शेपटीवर उभी पाती किती?

डी हॅविलँडचंच उदाहरण घ्या. 'मॉथ' नावाची त्यांची बरीच विमानं आहेत. पंखांच्या दोन जोड्या आणि उघडी बैठक दिसली, तर 'पस' आणि 'लेपर्ड' दोन्ही बाद. ते 'टायगर मॉथ' असू शकतं. दोन जोड्या आहेत, प्रवाशांना बंद केबिन आहे आणि वैमानिक मात्र त्यांच्या मागे उंचावर बसलाय, तर ते 'फॉक्स मॉथ'. पाच-सहा प्रश्नांत शेकडो नावं गळून पडतात.

ही पद्धत प्रत्यक्ष करून पाहायची असेल, तर गोव्यातलं नौदलाचं विमान संग्रहालय चांगलं ठिकाण आहे. तिथलं 'सुपर कॉन्स्टेलेशन' शेपटीवरच्या तीन उभ्या पात्यांवरून लगेच ओळखू येतं. तिथेच 'शॉर्ट सीलँड' हे दुर्मीळ विमानही आहे. बोटीसारखं पोट, पंख वर आणि पंखांवर दोन इंजिनं. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारी ही विमानं १९५३ मध्ये भारतीय नौदलात आली. नौदलाची ही पहिलीच विमानं. जगात एकूण दोन डझनांच्या आसपासच 'सीलँड' बनली, त्यामुळे त्यांचा जुना फोटो हाती लागला, तर अनेक जाणकारही बुचकळ्यात पडतात.

विमानावर क्रमांक लिहिलेला असतो, मग तो का वाचत नाहीत?

वाचतात, पण आकार तपासल्यानंतर. रंग आणि अक्षरं बदलता येतात, पंखाचा आकार सहसा बदलत नाही. संग्रहालयांत आणि चित्रपटांत एका विमानावर दुसऱ्याच प्रसिद्ध विमानाचा क्रमांक रंगवलेला असू शकतो.

तरीही अक्षरं खूप काही सांगतात. भारतीय नागरी विमानांच्या क्रमांकाची सुरुवात 'व्हीटी'ने होते. जेआरडींचं 'पस मॉथ' होतं 'व्हीटी-एडीएन'. 'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयचा प्रदेश' असं अनेकदा सांगितलं जातं. पण 'व्ही'ने सुरू होणारे अनेक संकेत ब्रिटिश साम्राज्यातल्या प्रदेशांना वाटून दिले होते. ऑस्ट्रेलियाचा 'व्हीएच' त्यातलाच.

लष्करी विमानांवरची गोल चिन्हं तारीख ठरवायला मदत करतात. अमेरिकी विमानांवरच्या पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यभागी पूर्वी लाल ठिपका होता. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून मे १९४२ मध्ये तो काढला गेला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या चिन्हांतूनही याच कारणाने लाल रंग गेला.

ओळख चुकली तर काय होतं?

युद्धात माणसं मरतात. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारून तीनच दिवस झाले असताना, शत्रूची विमानं आल्याचा चुकीचा इशारा मिळाला. त्या गोंधळात ब्रिटनच्याच 'स्पिटफायर' विमानांनी ब्रिटनचीच दोन 'हरिकेन' पाडली. एक तरुण वैमानिक मारला गेला. ही घटना 'बार्किंग क्रीकची लढाई' म्हणून ओळखली जाते. त्या आकाशात जर्मन विमान एकही नव्हतं.

विमानांच्या काळ्या छायाकृतींची कार्डं आणि तक्ते घेऊन त्यांची ओळख घोटून घेणं, हा युद्धकाळात सैनिकांच्या आणि हवाई निरीक्षकांच्या प्रशिक्षणाचा भाग होता.

याची दुसरी बाजूही आहे. ब्रिटनच्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ युद्धापूर्वी विमानविषयक नियतकालिकात लिहायच्या. युद्धात त्या हवाई छायाचित्रांचा अर्थ लावू लागल्या. १९४३च्या अखेरीस जर्मनीतल्या पेनेम्युंडेजवळच्या एका फोटोत त्यांना उतरत्या फळीवर ठेवलेला एक बारीकसा आकार दिसला. ते होतं 'व्ही-१', म्हणजे वैमानिकाशिवाय उडणारा बॉम्ब. फ्रान्समध्ये उभारली जात असलेली गूढ बांधकामं कशासाठी आहेत, हे त्यामुळे स्पष्ट झालं.

विचित्र दिसतं म्हणजे फोटो खोटा?

असं नाही. जर्मनीचं 'ब्लोम उंड फॉस बीव्ही १४१' पाहिलं, तर कुणीतरी फोटो बिघडवलाय असंच वाटेल. इंजिन आणि शेपूट एका धडावर, तर माणसं बसायची काचेची केबिन बाजूला वेगळी. पण हे विमान खरं आहे. ते १९३८ मध्ये उडालं होतं.

उलट, सोव्हिएत संघाच्या 'कालिनिन के-७'चे तोफांनी भरलेले, तरंगत्या युद्धनौकेसारखे फोटो इंटरनेटवर फिरतात. ते संगणकावर बनवलेले आहेत. खरं 'के-७' होतं, त्याला सात इंजिनं होती आणि ते ऑगस्ट १९३३ मध्ये खारकीव्हला उडालंही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते कोसळलं आणि १५ जण मृत्युमुखी पडले. बनावट चित्रांच्या गर्दीत ही दुर्घटना मात्र क्वचितच सांगितली जाते.

आता एआयमुळे अशी चित्रं कुणीही बनवू शकतं. म्हणून जाणकार एकाच फोटोवर थांबत नाहीत. त्याच विमानाचा दुसऱ्या कोनातला फोटो आहे का, त्या काळच्या वार्षिक ग्रंथांत किंवा नोंदवह्यांत ते सापडतं का, हे पाहतात. विमानांचा 'जेन्स' हा वार्षिक ग्रंथ १९०९ पासून निघतो.

घरच्या अल्बममध्ये असा फोटो सापडला तर?

आजोबा हवाई दलात किंवा फ्लाइंग क्लबमध्ये असतील, तर तो सापडूही शकतो. अशा वेळी काही गोष्टी लक्षात ठेवा.

• फोटो पूर्ण स्कॅन करा, कडा कापू नका. कोपऱ्यातलं चाक किंवा पंखाचं टोकच निर्णायक ठरू शकतं.
• मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, गावाचं नाव महत्त्वाचं असतं.
• पार्श्वभूमी पाहा. हँगर, मोटारगाड्या, गणवेश यांवरून काळ कळतो.
• एआयने फोटो 'स्पष्ट' करून तो पुरावा म्हणून वापरू नका. पुसट अक्षरांच्या जागी ते अंदाजाने नवी अक्षरं काढू शकतं.
• मूळ फोटोवर पेनने काही लिहू नका. माहिती वेगळ्या कागदावर ठेवा.

आणि खात्री नसेल, तर ओळीत 'बहुधा पस मॉथ' असं लिहा. उद्या दुसरा कुणी तो फोटो पाहील, तेव्हा त्या 'बहुधा'मुळे तो पुन्हा एकदा चाकांजवळचा दांडा तपासून बघेल.