श्वासाचे गणित

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. चार दिवसांनी तिथेच हिंदुस्थानी लाहोर डिव्हिजनने चढाई केली आणि तिच्यावरही वायू आला. जवानांकडे धड मुखवटे नव्हते. त्या दिवशी आफ्रिदी पठाण जमादार मीर दस्त यांनी विखुरलेले जवान एकत्र केले आणि आठ इंग्रज व हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यास मदत केली. वायूचा त्रास त्यांनाही झाला. या बहादुरीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कोळसा वायू धरून ठेवतो, हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७३ मध्येच पाहिले होते. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटतात. ते आत मुरत नाहीत, म्हणून याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. ही जुनी माहिती सैनिकांच्या मुखवट्यात उतरली ती माणसे मेल्यानंतर. १९१५ मध्येच रशियात झेलिन्स्की यांनी कोळशाचा मुखवटा तयार केला. पुढे नारळाच्या करवंट्यांचा कोळसाही वापरला गेला.

पण हवा म्हणजे मिश्रण. विषारी वायूबरोबर पाण्याची वाफही येते आणि कोळशावरची जागा अडवते. एस.टी.त बाके मोजकी असतात. आपल्याला जागा मिळेल की नाही हे बरोबर कोण चढले त्यावर ठरते. वायूंचेही तसेच आहे.

पहिले नेटके गणित अमेरिकेतल्या लँगम्यूर यांनी १९१८ मध्ये मांडले: पृष्ठभागावर ठरावीक जागा, एका जागी एकच रेणू. मार्खॅम आणि बेंटन यांनी १९३१ मध्ये हे सूत्र मिश्रणांसाठी वापरले. मात्र त्यात सर्व वायूंना सारख्याच जागा मिळतात असे धरावे लागे. प्रत्यक्षात लहान-मोठ्या रेणूंचे तसे नसते.

१९६५ मध्ये मायर्स आणि प्राउस्निट्झ यांनी वेगळी वाट काढली. पृष्ठभागावरचा थर हे एक आदर्श द्रावण माना, प्रत्येक शुद्ध वायूचे अधिशोषण वेगवेगळे मोजा आणि त्यावरून मिश्रणाचा अंदाज बांधा. पृष्ठभाग जागोजागी वेगळा असेल किंवा रेणूंचे स्वभाव फार भिन्न असतील, तर हा अंदाज चुकतो. तरीही प्रत्येक मिश्रणाचा स्वतंत्र प्रयोग करण्याचे कष्ट त्याने पुष्कळ कमी केले.

इस्पितळातला ऑक्सिजन प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. दाबाखालच्या हवेतला नायट्रोजन जिओलाइट जास्त धरतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि जिओलाइट पुन्हा कामाला येतो. अशा प्रकारे सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळतो. दाब कमी-जास्त करण्याच्या या पद्धतीचे स्कारस्ट्रॉम यांचे पेटंट १९६० चे. तरीही २०२१ मध्ये आपल्याकडे लोक सिलिंडरसाठी वणवण फिरले आणि अनेक ठिकाणी असे प्रकल्प त्यानंतरच घाईने उभे राहिले.

ईप्रला कोळसा उशिरा पोचला, आपल्याकडे जिओलाइट. दोन्ही वेळा शास्त्र तयार होते. इल्म पुस्तकात असून भागत नाही. श्वास थांबण्याआधी ते माणसापर्यंत पोचवणे ही समाजाची आणि सरकारची जबाबदारी आहे.