साळुंकेंची साडी आणि आमची खोली

कोपरखैरण्यात भाड्याने खोली शोधत होतो, तेव्हाची गोष्ट. आम्ही चौघे मित्र. सगळ्यांना नोकरी, डिपॉझिटही तयार. एजंटने तीन सोसायट्या दाखवल्या, तिन्हीकडे एकच उत्तर: बॅचलरना देत नाही, फॅमिली असेल तर बघू. त्या रात्री एका मित्राच्या वन आरकेमध्ये चादर अंथरून आम्ही मोबाइलवर ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. कितव्यांदा, ते मोजणं कधीच सोडलंय. आता आपल्यातल्या कोणी साडी नेसायची, यावर बराच वेळ हसलो.

हा सिनेमा १९८८चा. तो रिमेक आहे, हे मला फार उशिरा कळलं. हृषिकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६चा. त्यातही घर मिळावं म्हणून मित्र बायकांचं सोंग घेतात.

आपण तक्रार करतो, की हल्ली सिनेमावाल्यांकडे नवीन काही उरलं नाही. ‘दे धक्का २’ आला, वीस वर्षांनी ‘नवरा माझा नवसाचा २’ आला, ‘सैराट’ पुन्हा थिएटरात लागला. तक्रार खोटी नाही. पण ‘हल्ली’ हा शब्द चुकीचा आहे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३मध्ये गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. गोष्ट घराघरात माहीत असलेली. ते सोयीचंच होतं. सिनेमा मुका होता, आणि पडद्यावरच्या पाट्या वाचता न येणाऱ्यालाही पुढे काय होणार ते ठाऊक होतं. पडद्यावर यायला बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. १९१७मध्ये फाळक्यांनी हीच गोष्ट पुन्हा चित्रित केली. १९३२मध्ये कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने ती पुन्हा सांगितली: व्ही. शांताराम यांचा ‘अयोध्येचा राजा’. या वेळी तारामती बोलत होती, आणि ती होती दुर्गा खोटे. प्रतिष्ठित घरातली शिकलेली बाई सिनेमात काम करते, हीच तेव्हा मोठी बातमी होती. गोष्ट जुनीच, पण एकोणीस वर्षांत समाज कुठून कुठे आला, ते त्या एका भूमिकेत दिसतं.

‘बनवाबनवी’चंही तेच. वसंत सबनीसांच्या लेखणीने ती गोष्ट पुण्यातल्या घरमालकांच्या दारात आणून उभी केली. म्हणून ती उसनी वाटत नाही.

उलट ‘सैराट’चा ‘धडक’ झाला तेव्हा गोष्ट करमाळ्याहून उदयपूरला गेली, आणि वाटेत जातीची धार बोथट झाली. रिमेक केला, यात गैर काही नव्हतं. ज्या दुखण्यावर मूळ सिनेमा उभा होता, तेच मागे ठेवलं, हे मला खटकतं.

पण सगळा दोष निर्मात्यांवर टाकून मी मोकळा होऊ शकत नाही. २०१५मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला चांगल्या वेळेचे शो मिळावेत म्हणून सरकारला नियम आणावा लागला. आणि मी काय करतो? गेल्या वर्षी वाशीत एका नव्या दिग्दर्शकाचा मराठी सिनेमा लागला होता. शो सकाळी अकराचा. ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणालो. शुक्रवार आला आणि सिनेमा उतरला. त्याच शनिवारी घरी बसून पुन्हा ‘बनवाबनवी’ पाहिला. जुन्यावर पैसे लावणाऱ्यांना माझ्यासारखाच प्रेक्षक हवा असतो.

आम्हाला शेवटी घणसोली गावठाणात खोली मिळाली. साडी न नेसता. पण आमची गोष्ट अजून पडद्यावर आलेली नाही: अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, एका महिन्याची दलाली, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या चपलांचे फोटो. कुणी ‘बनवाबनवी’ पुन्हा करणार असेल, तर या नव्या मुंबईत करावा.

शो सकाळी अकराचा असला, तरी चौघे रजा टाकू.