कार्यशाळेतून जागतिक बाजारपेठेकडे : किर्लोस्कर उद्योगाच्या जडणघडणीचा आढावा

प्रास्ताविक

दादरा व नगर हवेलीत १९६५ साली पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत सुरू झाली. पुढे करसवलतींमुळे सिल्वासा परिसरातील कारखान्यांची संख्या वाढत गेली. गलोंड्यासारख्या आसपासच्या गावांना कारखाना जवळचा झाला. परंतु गावाजवळ कारखाना असणे आणि गावातील तरुणाच्या हाती कारागिरी असणे या दोन भिन्न गोष्टी होत. या दृष्टीने मराठी मुलखातील किर्लोस्कर उद्योगाचा इतिहास उद्बोधक ठरतो. एका कुटुंबाच्या कार्यशाळेचे रूपांतर आंतरराष्ट्रीय उद्योगात होत असताना तेथे माणसे कशी घडली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सायकलचे दुकान ते लोखंडी नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंग ओळखता येत नसल्यामुळे तो मार्ग सोडावा लागला. नंतर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाचित्रे शिकवू लागले. फावल्या वेळात तेथील कार्यशाळेत यंत्रे हाताळून त्यांनी यंत्रविद्या आत्मसात केली. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावास आले. बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ साली सुरू झालेल्या सायकलच्या दुकानाला हळूहळू कार्यशाळेचे रूप आले.

कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही या कार्यशाळेची सुरुवातीची उत्पादने. लाकडी नांगर जमीन उकरतो, तर लोखंडी नांगर मातीची ढेप उलटी करून तणांची मुळे उघडी पाडतो. तरीही लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले सहा नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. नवे अवजार तयार करण्याइतकेच ते पटवून देण्याचे कामही अवघड असते, हे यावरून दिसून येते.

किर्लोस्करवाडी : कारखाना हीच शाळा

धंद्याचा जम बसत असतानाच शहराच्या विस्तारासाठी बेळगावची जागा सोडावी लागली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

या वसाहतीचे खरे वैशिष्ट्य तेथील माणसांत आहे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. परीक्षेत अपयश आलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांवर रखवालीची जबाबदारी सोपवण्यात आली आणि तो विश्वास त्यांनी सार्थ ठरवला. वसाहतीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. जात, पूर्वायुष्य वा प्रमाणपत्र यांपेक्षा काम शिकण्याची तयारी येथे महत्त्वाची मानली गेली.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई निर्माण झाली. तेव्हा कोल्हापूर संस्थानाने दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर तयार करण्यात आले.

विस्तार

१९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिक्षण घेऊन १९२६ साली परतले. पाण्याचे पंप हे कंपनीचे प्रमुख उत्पादन ठरले. हरिहर येथे यंत्रांचा कारखाना निघाला, तर १९४६ साली पुण्यात डिझेल इंजिने आणि बंगळूर येथे विजेच्या मोटारी तयार करणाऱ्या कंपन्या स्थापन झाल्या. इंजिन, मोटार आणि पंप ही तिन्ही विहिरीवरील शेतकऱ्याच्या गरजेशी जोडलेली होती, ही बाब लक्षणीय आहे. २००३ साली किर्लोस्कर ब्रदर्सने इंग्लंडमधील ‘एसपीपी पंप्स’ ही कंपनी विकत घेतली. एकेकाळी विलायती यंत्रे पाहून शिकलेल्या घराण्याने विलायतेतील कारखाना चालवावयास घेतला.

कौटुंबिक उद्योगाच्या मर्यादाही या इतिहासात दिसतात. २००९ च्या कौटुंबिक करारावरून पुढे शाखाशाखांतील वाद न्यायालयात गेले.

समारोप

औंधकरांची मदत, युद्धकाळ आणि शेतीची गरज यांचा या प्रगतीत वाटा आहेच. तथापि जमीन आणि कर्ज मिळूनही शिकवणारा हात नसता तर माळ माळच राहिला असता. सवलतींमुळे कारखाना येतो, तसा सवलती संपल्यावर जाऊही शकतो. शिकलेली कारागिरी मात्र कामगाराजवळ राहते. गलोंड्याच्या परिसरातील असो वा अन्य कोठील, आपला विद्यार्थी कारखान्यात केवळ कंत्राटी मजूर म्हणून जाणार की यंत्र समजून घेणारा कारागीर म्हणून, हा प्रश्न अध्यापकांच्या विचारार्थ येथे मांडावासा वाटतो. लक्ष्मणराव स्वतः मुळात शिक्षक होते, हे या संदर्भात विसरता येत नाही.