बोट कुणी घातलं?

१९९३च्या गणपतीत आमच्या रत्नागिरीच्या घरी एक गुन्हा घडला आणि त्यात मी दोषी ठरलो. वय वर्षं नऊ. आरोप असा, की डाव्या स्पीकरच्या कोनची कड मी बोट घालून फाडली. पुरावा म्हणजे टीचभर फाटलेली कड, आणि मला स्पीकरला बोट लावायची खोड आहे हे सगळ्या घराला ठाऊक असणं.

खोड खरीच होती. बाबांनी १९८२ साली मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, दोन लाकडी पेट्या आणल्या होत्या. डाव्या पेटीची जाळी निघालेली होती. तबला लागला की आतला काळा कागदी शंकू, ज्याला सगळे मेकॅनिक ‘कोन’ म्हणतात, तो पुढेमागे हलायचा. त्याच्याभोवती करड्या रंगाची, मऊ, फुगीर कड होती. तिच्यावर बोट टेकवलं की डग्गा बोटात यायचा.

बाबा मारणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वायरी गुंडाळल्या, दोन्ही पेट्या जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकल्या. पुढे घरात टू-इन-वन आला, पण त्याच्यासमोर मांडी घालून बसलेले बाबा मला आठवत नाहीत. हे माझ्यामुळे झालं, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो.

गेल्या मे महिन्यात माळा रिकामा करायला काढला. आईचं म्हणणं, पेट्या सरळ भंगारवाल्याला द्या. देण्याआधी उगाच म्हणून मी उजव्या पेटीची जाळी उचकटली. दुकानातून आल्यापासून ती कधी निघालेली नव्हती. आत कड नव्हतीच. तळाशी तपकिरी, चिकट भुगा पडला होता. एक तुकडा काठाला लटकत होता, त्याला बोट लावलं तर तो बोटालाच चिकटून आला.

म्हणजे ज्या स्पीकरला मी कधी हातही लावला नव्हता, तोही तसाच मेला होता. मी ही केस पुन्हा उघडायची ठरवली.

तुमच्या फोनच्या तळाशी असलेला इवलासा स्पीकर आणि बाबांची ती पेटी, दोघांचं यंत्र मुळात एकच. लोहचुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. तिच्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह गेला की ती पुढेमागे सरकते आणि स्वतःला चिकटवलेला पडदा हलवते. कॉइल चुंबकाच्या क्षेत्रात अशी हलवण्याची कल्पना जर्मनीच्या वर्नर सीमेन्सने १८७४मध्ये पेटंटमध्ये मांडली होती, इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजने १८९८मध्ये. पण ती घरात ऐकण्याजोगी झाली अमेरिकेत. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५मध्ये आपला बिनकर्ण्याचा लाउडस्पीकर लोकांपुढे ठेवला. शंभर वर्षं झाली, गाभा तोच आहे.

या यंत्राची अडचण अशी, की कॉइलला पुढेमागे मोकळं हलता यायला हवं, पण बाजूला अजिबात नाही. फट मिलिमीटरच्या आतबाहेरची. कॉइल जरा कलली की चुंबकाला घासते आणि आवाज खरखरतो. म्हणून कोन दोन ठिकाणी धरून ठेवतात. मागे चुण्या पाडलेल्या कापडाची चकती, तिला स्पायडर म्हणतात, आणि पुढे ही कड. जुन्या रेडिओत कड वेगळी नसायचीच. कागदी कोनच्याच काठाला चुण्या पाडलेल्या असत. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मुका झालाय, पण त्याचा कोन आजही धड आहे.

मग ही मऊ कड आली कुठून? तर एका माणसाला छोट्या पेटीतून मोठा खर्ज काढायचा होता.

एडगर विल्चर न्यू यॉर्क विद्यापीठात ध्वनी शिकवायचे. त्या काळी पखवाजासारखा खोल आवाज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. विल्चरनी उलटा विचार केला. पेटी सगळीकडून बंद करायची आणि कोन इतका सैल बांधायचा, की त्याला परत ढकलण्याचं काम आतली कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी करेल. त्यासाठी चुण्यांची ताठ कड चालणार नव्हती. पहिल्या नमुन्यासाठी गादीच्या खोळीचं कापड वापरलं गेलं आणि ती कड बेतून द्यायला त्यांच्या पत्नी रोझमेरी मदतीला आल्या. १९५४मध्ये विल्चर आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे कंपनी काढली, ‘अकूस्टिक रिसर्च’. तिच्या ‘एआर-१’नंतर स्पीकर पुस्तकांच्या फळीवर जाऊन बसला. आमच्या पेट्यांनाही कुठे भोक नाही. त्या याच कल्पनेच्या लांबच्या नातवंडं.

पुढे कापडाची जागा फोमने घेतली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून, आणि सत्तरच्या दशकात तर सर्रास. फोम हलका, स्वस्त, साच्यात दाबला की कड तयार. शिवाय कोनच्या काठापर्यंत आलेली लहर तो शोषून घेतो, ती उलटी फिरून आवाज गढूळ करत नाही. त्या दिवसांत यात वाईट असं काहीच दिसत नव्हतं.

हा फोम पॉलियुरेथेनचा. हे रसायन १९३७मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांच्या प्रयोगशाळेत जन्मलं. त्याचा एक प्रकार असा आहे, की त्याच्या साखळीतले दुवे पाण्याच्या वाफेने तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे दुवे आणखी वेगाने तोडतं. म्हणजे एकदा सुरू झालं की थांबत नाही. तुम्ही हे पाहिलेलं असेल. ट्रेकचे बूट दोन-चार वर्षं कपाटात ठेवून बाहेर काढले, की तळवा चालता चालता सुटून भुगा होतो, तेच हे.

कोरड्या गावात अशी कड पंधरा-वीस वर्षं निघते. आमच्याकडे चार महिने भिंतीला बुरशी आणि मिठाला पाणी सुटतं. १९८२ ते १९९३, म्हणजे अकरा पावसाळे. तेव्हा ती कड फाटली नाही, पिकून गळाली. माझं बोट त्या दिवशी तिथे होतं का, हे मला खरंच आठवत नाही. असलं तरी फरक पडला नसता. आणि गंमत बघा, कापडी कडेचे कितीतरी जुने स्पीकर आज सत्तरीला आले तरी वाजतायत. सुधारणा म्हणून आलेला फोम मात्र वाटीत भरून ठेवण्याइतकाच उरलाय.

बाकी स्पीकर जिवंत आहे का, हे बघणं सोपं असतं. दीड व्होल्टचा सेल वायरींना क्षणभर टेकवला, ‘टक्’ झालं आणि कोन जागचा हलला. कॉइल शाबूत. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सारखा दाबून पाहिला, कुठे घासला नाही. नव्या फोमच्या कड्या मागवल्या. जुना चिकटा स्पिरिटने खरवडायलाच एक दुपार गेली. खरी परीक्षा कोन मधोमध बसवण्याची. मधली टोपी काढून कॉइलभोवतीच्या फटीत एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या, मग कड चिकटवायची, रात्रभर सुकू द्यायची आणि पट्ट्या काढून घ्यायच्या. एक्स-रे बाबांच्याच गुडघ्याचा होता.

आता विल्चरची पुढची गोष्ट, कारण तीही आमच्याच घरात निघाली. प्रतिस्पर्ध्याने न्यायालयात आव्हान दिलं आणि बंद पेटीचं पेटंट टिकलं नाही. विल्चर वरच्या कोर्टात गेले नाहीत. कंपनी विकून ते बहिरेपणाच्या संशोधनाकडे वळले. उतारवयात हळू आवाज ऐकूच येत नाहीत, पण मोठे मात्र तितकेच मोठे वाटतात. म्हणून बाबा ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणतात आणि लगेच ‘ओरडतोस कशाला’ म्हणतात. विल्चरनी १९७३मध्ये दाखवलं, की आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येकातला हळू भाग जास्त आणि मोठा भाग कमी वाढवला, तर बोलणं कळू लागतं. या कल्पनेचं पेटंट त्यांनी घेतलंच नाही, सगळ्यांना मोकळी सोडली. आजची बहुतेक डिजिटल श्रवणयंत्रं तिच्यावर चालतात. बाबांच्या कानातलंही.

रविवारी पेट्या जोडल्या. बाबा खुर्चीत न बसता खाली सतरंजीवर बसले, गुडघा लांब करून. मी वाटीतला तपकिरी भुगा त्यांच्यापुढे ठेवला आणि पाणी, आम्ल, अकरा पावसाळे, उजवी पेटी, सगळं सांगितलं. त्यांनी भुगा चिमटीत घेऊन पाहिला. तबला सुरू झाला होता.

“ते ठीक आहे रे,” ते म्हणाले. “पण डाव्याची जाळी कुणी काढली होती?”

जाळी मीच काढली होती.